हुकूम पोचला का?

आयुष्यात मी बऱ्याच लबाड्या केल्या आहेत. पण ठिपक्यांची चोरी करताना पकडला गेलेला माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात मी एकटाच असेन.

आम्हाला गोळाफेक शिकवणारे सर पहाटे साडेपाचला मैदानावर यायचे. स्कूटरला मागं दोन जादा चाकं, पायाशी दोन लोखंडी गोळे आणि हँडलला अडकवलेल्या कापडी पिशवीत एक दोनशे पानी वही. आम्ही पाचसहा जण, सगळे पोलीस भरतीवाले. गोळ्याला हात लावायच्या आधी प्रत्येकानं वहीत आपापल्या पानावर एक चौकोन आखायचा आणि त्यात स्केचपेननं ठिपके मारायचे. दहा सेकंद, हात चालेल तेवढ्या वेगानं. सर घड्याळ धरायचे, मग चष्मा कपाळावर सरकवून एकेक ठिपका मोजायचे. रोजच्यापेक्षा पाचसहा कमी भरले की त्या माणसाला त्या दिवशी गोळा नाही.

"मालक, घरी जावा. वरचा साहेब थकलाय आज. हुकूम ढिला निघून राहिला."

ते सगळ्यांनाच मालक म्हणायचे. ते कामाला होते त्या दवाखान्यातल्या पेशंटलाही, आम्हालाही. कुणीतरी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "एवढ्या मोठ्या शरीराचे मालक हाव तुम्ही, आणि एक नोकर तुमचं ऐकत न्हाई. म्हणून आठवण करून देतो."

दंड थकत नाहीत, दंडाला हुकूम देणारा थकतो, आणि तो थकला की आधी बोटांच्या टोकावर कळतं, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला ते खूळ वाटायचं. दंड दाखवायचे, मांड्या दाखवायच्या, अंडी किती खाल्ली ते सांगायचं, हे आमचं शास्त्र. त्यात ठिपके कुठं बसणार?

माझी त्यांची गाठ पडली तीही माझ्या खुळेपणामुळंच.

मी अहमदपूरचा. लातुरात खोली करून भरतीची तयारी करत होतो. सोळाशे मीटर मी नीट पळायचो, शंभर मीटरही बरं होतं आणि लेखीत तर मी बसल्या जागी मार्क ओढायचो. अडायचं ते गोळ्यावर. सव्वासात किलोचा गोळा साडेआठ मीटर गेला तर पैकीच्या पैकी. माझा साडेसहाला जाऊन म्हशीसारखा बसायचा. त्यापायी दोन भरत्या हुकल्या होत्या. वयाच्या अटीत आता एकच उरली होती. ही गेली की कायमचं मामाच्या खताच्या दुकानात उभं राहायचं, असं घरी ठरून गेलं होतं. मामानं तर माझ्यासाठी स्टूलसुद्धा आणून ठेवलं होतं.

त्या भीतीनं मी व्यायामशाळेत दंडावर असा काही तुटून पडलो की दंड फुगून शर्टाची बाही चढेना. आणि एका सकाळी उठलो तर उजवा हात जागेवरच नाही. म्हणजे होता, पण दुसऱ्या कुणाचा तरी खांद्याला टांगल्यासारखा. लकवा! मी तशाच लुंगीवर दवाखाना गाठला. डॉक्टरांनी हात खालीवर करून पाहिला आणि नसांची तपासणी लिहून दिली.

बोळाच्या शेवटी एक अंधारी खोली. आत फिरत्या स्टुलावर पन्नाशीतला एक माणूस. रुंद खांदे, पांढऱ्या कोटाच्या खिशातून डोकावणारी रबरी हातोडी, आणि स्टुलाखाली एक पाय नीट टेकलेला, दुसरा विजारीत नुसता लोंबलेला. त्यांनी माझ्या मनगटाला चिकटपट्ट्या लावल्या, हातात चिमट्यासारखं काहीतरी घेतलं आणि ते माझ्या कोपराला टेकवलं. मी जी आरोळी ठोकली ती बाहेरच्या बाकड्यापर्यंत गेली.

"ओरडून कामून राहिले मालक?" ते शांतपणे म्हणाले. "करंट आत्ता सुरू करायचाय."

तपासणी झाली. दरवेळी टिक् वाजायचं आणि माझी करंगळी मला न विचारता उडायची. शेवटी ते म्हणाले, "तार चकाचक हाय. रात्री हात उशाला घेऊन झोपलात, दाबला गेला. परवापर्यंत सुटेल. करता काय?"

"पोलीस भरती. गोळा जात नाही."

"किती?"

"साडेसहा."

त्यांनी माझ्या दंडाकडं पाहिलं, मग तोंडाकडं पाहिलं. "एवढं सामान, आणि साडेसहा? हात सुटला की जेवायच्या सुट्टीत या. एक गंमत दावतो."

ती गंमत मी जन्मात विसरणार नाही.

टेबलाच्या पायाला त्यांनी भाजीवाल्याकडचा लटकता काटा बांधला होता. काट्याच्या आकड्यात दोरीचा फास. फासात माझा अंगठा. हात टेबलावर पट्ट्यानं घट्ट आवळलेला. "आता अंगठ्यानं वढा. हलका न्हाई, सगळा जीव लावून."

मी ओढलं. काटा पावणेआठवर जाऊन थरथरला.

"अजून."

"एवढंच आहे सर."

"आईशप्पथ?"

"आईशप्पथ." माझे डोळे बाहेर यायचे बाकी होते.

तेवढ्यात त्यांनी तो चिमटा माझ्या मनगटाला टेकवून कळ दाबली. टिक्. आणि काटा पावणेआठवरून उडी मारून नऊच्या पुढं गेला आणि परत आला. मी काहीच केलं नव्हतं. अंगठा माझा, दोरी तीच, पण ओढणारा मी नव्हतो.

"हे कुणी वढलं?"

"तुम्ही. करंटनं."

"मी फक्त दार वाजवलं मालक. वढलं तुमच्याच मांसानं. आत्ता शप्पथ घेतली का न्हाई, सगळी लावली म्हणून? मग ही वरची कुठं ठेवली होती?"

मी माझ्या अंगठ्याकडं बघत राहिलो. वाटणीच्या वेळी एक शेत लपवून ठेवलेला चुलता अचानक उघडा पडावा, तसा तो मला दिसला. सत्तावीस वर्षं ह्या अंगठ्यानं माझ्याबरोबर जेवण केलं होतं आणि मला पत्ता लागू दिला नव्हता. मग मनात आलं, एका अंगठ्यात एवढं, तर मांडीत किती असेल? पाठीत किती असेल?

"मांस ताबेदार हाय," सर पट्टा सोडत म्हणाले. "त्याला जेवढा हुकूम येतो तेवढंच ते करतं. आणि वर एक सावध कारकून बसलाय, तो सगळं गोदाम कधीच उघडू देत न्हाई. त्याला वाटतं, हा गडी हाडं मोडून घेईल. कारकून वाईट न्हाई बरं का. तो हाय म्हणून तर सांधे जाग्यावर हायत. पण त्याला रोज थोडी खात्री पटवावी लागती, की बाबा उघड, काही होत न्हाई. शंभर वेळा दार ठोठावून न्हाई पटत त्याला. आठच वेळा, पण नीट."

आठ. मैदानावर गेलो तर खरंच रोज आठच फेकी. मला आधीच्या भरती अकादमीत साठसत्तर फेकींची सवय. आठ फेकी म्हणजे मला जेवायला बोलावून नुसती चटणी वाढल्यासारखं वाटलं. त्यातही दोन फेकींच्या मध्ये चार मिनिटं बसायचं. बसायचं म्हणजे बसायचंच. आधी तीनदा उंच उडी, मग बायकांचा हलका गोळा एकदा, मग आपला जड गोळा. आणि फेकताना ओरडायचं. आवाजानं कारकून दचकतो आणि त्याच्या हातातनं किल्ली पडते, हे सरांचं स्पष्टीकरण. मी कधी ओरडलो नाही. मैदानावर मॉर्निंग वॉकच्या बायका असायच्या, आणि माझ्या दंडांचं त्यांच्यापुढं काही एक वजन होतं असा माझा समज होता.

तो समज सुनंदानं उतरवला. सुनंदा नायगावकडची, तीही भरतीवाली. मनगट माझ्या अंगठ्याएवढं. एके दिवशी तिनं सहज माझा पुरुषांचा गोळा उचलला, किंचाळली आणि फेकला. सहा मीटर चाळीस. माझा त्या दिवशीचा आकडा सहा साठ होता.

"दादा," ती हात झटकत म्हणाली, "तुमच्या दंडाला नुसती हवा भरलीय का वो? एखादा माझ्याकडं द्या की, नऊ मीटर टाकते."

सर हसले नाहीत. त्यांनी मला जवळ बोलावलं, माझ्या दंडावर पुढच्या बाजूला दोन बोटं ठेवली आणि गोळा न घेता हात ढकलायला सांगितला. "बघा. मागचा बैल पुढं ढकलून राहिला, आणि पुढचा बैल त्याच टायमाला मागं वढून राहिला. दोन्ही तुमचेच. गाडी जाणार कशी? सुनंदाबाईचा पुढचा बैल झोपलेला असतो. ह्या पुढच्याला झोपवायला शिका." दोन महिने मी बैल झोपवत होतो. दंडाचं वजन वाढलं नाही, उलट कमी झालं. गोळा मात्र सात झाला, साडेसात झाला. एके दिवशी आठ दहा. मला वाटलं टेप आखडलाय. सरांनी टेप सुनंदाकडं दिला, तिनं परत मोजला. आठ दहा. मी मैदानावर आडवा पडलो. कुठून आलं हे? अंडी तर मी बंद केली होती.

सरांना स्वतः फेकताना मी एकदाच पाहिलं. आम्हीच फार मागं लागलो म्हणून. मैदानाच्या कडेला एक सिमेंटचा ठोकळा होता. मांडीवर पंजा दाबत, एकेक पाऊल खिळवत ते तिथं गेले, बसले, लोंबणारा पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला, सामान ठेवावं तसा. गोळा मानेला लावला. मग काहीच नाही. एवढा निवांत माणूस मी पाहिलेला नाही. चेहरा सैल, खांदे सैल, एखाद्याला वाटावं डुलकी लागली. त्यांच्या अंगात कुठंच घाई नव्हती, आणि मग सगळी घाई एका क्षणात झाली. हात दिसलाच नाही. आवाज असा निघाला की झाडावरचे कावळे उठले. सात मीटर वीस. बसून! पाय नसताना!

आम्ही टाळ्या वाजवल्या तर त्यांनी हात वर करून थांबवलं. "अर्धी फेक हाय ही. खरी फेक जमिनीतनं येती. हे वरचं नुसतं शेवटचं टोक." आणि मग आम्हाला पायाची गोष्ट सांगितली, तीही अशी, जणू दुसऱ्याच कुणाची तपासणी सांगतायत.

उदगीरजवळचं खेडं, दोन वर्षांचं वय, चार दिवसांचा ताप, पोलिओ. आईनं पुढं दहा वर्षं पायाला तेल चोळलं. "तेल मांसाला लागलं. तारेला कुठलं लागायला? लोक म्हणतात पाय वाळला म्हणून चालत न्हाई. उलटं हाय. आधी तार गेली. हुकूम यायचा बंद झाला. मग मांसानं वाट बघितली, आणि मग तेही गेलं." विजार वर करून त्यांनी पोटरीवर मुंगी सोडावी तसं बोट फिरवलं. "हे कळतं बरं का मला. गुदगुली कळती, चटका कळतो. खबर वर जाती. खाली काही येत न्हाई."

दवाखान्यात ते आधी झाडलोट करायला लागले, मग यंत्रावरच्या माणसाच्या हाताखाली शिकले. ज्या दिवशी यंत्र स्वतःच्या हातात आलं, त्या दिवशी सगळे गेल्यावर त्यांनी पट्ट्या आपल्याच पायाला लावल्या. करंट वाढवत नेला, शेवटपर्यंत. पडद्यावर सरळ रेघ.

"मग?" सुनंदानं विचारलं.

"मग काय. पट्ट्या पुसून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पेशंट होते."

एवढं सगळं ऐकलेला, पाहिलेला, स्वतःच्या अंगठ्यावर अनुभवलेला माणूस शहाणा व्हायला हवा की नाही? मी नाही झालो.

शेवटचे पंधरा दिवस आले. माझा अर्ज नांदेड जिल्ह्याचा होता, तारीख हातात आलेली. सरांनी फेकी आणखी कमी केल्या. दिवसाआड, आणि फक्त चार. "आता काही मिळवायचं न्हाई. मिळवलंय ते वर येऊ द्यायचं. सबर करा."

इकडं अकादमीतली पोरं दिवसाला शंभर टाकत होती. मला साडेआठला चाळीस सेंटिमीटर कमी पडत होते आणि मी चार फेकी टाकून घरी बसू? डोळे मिटले की मामाचं स्टूल दिसायचं. मी अकादमीतून एक जुना गोळा मागून आणला आणि खोलीमागच्या रिकाम्या प्लॉटवर संध्याकाळी एकटाच टाकायला लागलो. रोज साठ. पहिल्या दिवशी आठ गेला. तिसऱ्या दिवशी सात ऐंशी. म्हणून सत्तर फेकी टाकल्या. सहाव्या दिवशी सात साठ. खड्ड्यात पडलेल्या माणसानं बाहेर यायचं म्हणून कुदळ मागावी, तसं माझं चाललं होतं.

आणि सकाळी ठिपके दगा द्यायला लागले. माझे अडुसष्टच्या आसपास भरायचे, ते छप्पनवर आले. ही गोष्ट सरांना कळली तर उरलेल्या चार फेकीही जातील, ह्या भीतीनं मी शक्कल काढली. मी सगळ्यांच्या आधी मैदानावर जायचो. सर स्कूटरवरून गोळे उतरवेपर्यंत पिशवीतली वही काढायची, माझा चौकोन आखायचा आणि दहाबारा ठिपके आधीच टाकून ठेवायचे. मग घड्याळ लागलं की बाकीचे. बेरीज अडुसष्ट! तीन दिवस निभावलं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

चौथ्या दिवशी सरांनी वही तिरकी धरली. उजेडाकडं नेली. माझ्याकडं न बघता म्हणाले, "मालक, हे बारा ठिपके कसे गोल हायत. बाकी सगळ्यांना शेपूट हाय."

घाईत मारलेल्या ठिपक्याला पेन उचलताना एक बारीक शेपूट येतं. निवांत काढलेला ठिपका गोल राहतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सुनंदानं वहीत डोकावून पाहिलं. "दादा, ठिपके मारून राहिले का रांगोळी काढून राहिले?"

सगळे हसले. सर नाही. त्यांनी वही मिटली. चार महिन्यांत पहिल्यांदा ते मला मालक म्हणाले नाहीत.

"किती टाकतोस रोज?"

"साठ."

"किती दिवस झाले?"

"आठ."

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. परीक्षेला चार रात्री उरल्या होत्या. मी शिव्यांची वाट बघत होतो. शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "कपडे घे. माझ्या घरी चल."

पुढचे तीन दिवस मी सरांच्या घरी नजरकैदेत होतो. काहीही उचलायचं नाही. बादली नाही, तांब्या नाही. माझं आंघोळीचं पाणी काकू ओतायच्या आणि ओतताना बोलायच्या, "घोड्याएवढा गडी, आणि पाणी मी काढून देऊ! तोंडात घासबी घालू का?"

"घाल," सर आतून म्हणायचे. "हात दमायला नको."

दुपारी झोप, रात्री झोप, मधे बसून मेथी निवडायची. तेवढ्याला परवानगी होती, बोटं मोकळी राहतात म्हणून. सकाळी ठिपके. पहिल्या दिवशी एकोणसाठ. दुसऱ्या दिवशी पासष्ट. मला वाटत होतं दंड वितळून चाललेत. मी सरांच्या पाया पडलो, एकच फेक टाकू द्या म्हटलं. त्यांनी मेथीची जुडी माझ्यापुढं सरकवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठिपके बहात्तर झाले. आणि मला काय झालं कोण जाणे. अंगात काहीतरी भरून आलं होतं. जिना चढताना मी दोन-दोन पायऱ्या घेतोय हे वर गेल्यावर कळलं. चहाचा कप ठेवला तर बशी फुटली. मग मागचं दार उघडायला गेलो. त्या दाराची कडी जरा अडकायची, रोज हिसका द्यावा लागायचा. मी रोजचाच हिसका दिला, आणि कडी खिळ्यांसकट माझ्या हातात आली.

"अगं बाई!" काकू ओरडल्या. "आवो, ह्यानं घर पाडलं आपलं!"

सर आतून मांडीवर हात दाबत, मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं अशा घाईनं आले. "तुटली? बघू. दे इकडं." त्यांनी कडी घेतली, वाकलेले खिळे पाहिले, दाराचं फाटलेलं लाकूड पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला, जणू मी नातू आणून दिलाय. "जोर लावला होतास?"

"नाही सर. रोजच्यासारखंच."

"रोजच्यासारखंच!" ते काकूंना म्हणाले. "ऐकलं का? रोजच्यासारखंच म्हणतोय!"

"मला दार बसवून द्या आधी," काकू म्हणाल्या.

नांदेडला सर रजा टाकून माझ्याबरोबर आले. मैदानात बाहेरच्यांना सोडत नव्हते. ते कुंपणभिंतीच्या पलीकडं चहाच्या गाड्याजवळ बसले. आत गेल्यावर ना ते मला दिसत होते, ना मी त्यांना.

धावणं आधी उरकलं. मग गोळा. फक्कीनं आखलेलं वर्तुळ, टेप धरलेले दोन हवालदार, खुर्चीवर साहेब, आणि प्रत्येकाला तीन संधी. एवढे वर्दीवाले समोर बघून मी उड्या मारल्या नाहीत, ओरडलो नाही. शहाण्यासारखा गोळा टाकला. सात पंच्याण्णव. साडेआठ नाही तर काही नाही, मार्कांचा हिशोब मी तोंडपाठ केला होता. दुसऱ्या फेकीला घाबरून पाय रेघेवर पडला. फाऊल.

एक उरली. एक फेक, आणि तिच्या पलीकडं आयुष्यभर युरिया. मी बाजूला जाऊन चार मिनिटं बसलो. एक हवालदार म्हणाला, "काय रे, पळून जातो का काय?" मी उठलो. सगळ्यांसमोर तीन उड्या मारल्या, उंच. रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. हसोत. वर्तुळात आलो, गोळा मानेला लावला आणि सैल सोडलं, सगळंच, तोंडसुद्धा. लाळ गळाली असती तर पुसली नसती.

आणि मग मी ओरडलो. तोंडातून काय निघालं? लहानपणी ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभं राहून पाखरं हाकलायचो, ती आरोळी. "हाऽऽऽ होऽऽऽ!" खुर्चीवरचे साहेब दचकून उभे राहिले. गोळा हातातून कधी गेला ते मला कळलं नाही. जड लागलाच नाही. माझ्या मनात आलं, अरे, आपण हलका गोळा तर नाही उचलला?

टेप ताणला. हवालदारानं आकडा वाचला, परत वाकून वाचला. "आठ बासष्ट."

भरतीची यादी दोन महिन्यांनी लागली आणि तिच्यात खालून तिसरं नाव माझं होतं, हे आत्ताच सांगून टाकतो. कारण मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

मी पळत बाहेर आलो. सर चहाच्या गाड्याजवळ उभे होते. उभे, म्हणजे भिंतीला टेकून. आरोळी त्यांना ऐकू आली होती. मी आकडा सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "राहू दे. बसमध्ये बोलू."

लातूरच्या बसमध्ये दिव्यांगांच्या राखीव जागेवर ते खिडकीशी बसले, मी शेजारी. मी माझं तिकीट अहमदपूरचं काढलं. घरी आई वाट बघत होती. बस गावाबाहेर पडली तेव्हा सर खिडकीकडून माझ्याकडं वळले. मग अगदी हळू, मैदानावर कधी ऐकला नाही अशा आवाजात म्हणाले, "जमिनीनं ढकललं का रे तुला?"

"काय सर?"

"मी वीस वर्षं पोरांना सांगतो, जमीन दाबा, ती तुम्हाला वर ढकलती. पुस्तकात हाय, यंत्रावर दिसतं. खरंच ढकलती का? दोन्ही पायातनं येतं ते कुठं एक होतं? कंबरेत का पाठीत?"

मी बोलघेवडा माणूस. कुठल्याही गोष्टीची दोन तास गोष्ट करीन. पण त्या वेळी मला शब्द सापडेनात. मी म्हटलं, उजव्या टाचेखालून काहीतरी उठलं. ते म्हणाले, मग? म्हटलं, गुडघ्यात थांबलं नाही. मग? मग डावा पाय खांबासारखा रोवला आणि ते त्याच्यावर आपटून वर उसळलं. मग? लोहा आलं, गेलं. मी सांगत होतो, चुकत होतो, मागं येऊन परत सांगत होतो. सरांनी डोळे मिटले होते.

"एकदा दाब," ते म्हणाले.

"काय?"

"पाय. बसच्या पत्र्यावर दाब. तिथं दाबला होतास तसा." आणि त्यांनी वाकून आपला पंजा माझ्या पोटरीवर ठेवला. मी दाबला. पोटरी त्यांच्या हाताखाली दगडासारखी उठली. त्यांनी श्वास रोखलेला मला कळला. "सोड. परत दाब. हळू नको, एकदम."

समोरच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. म्हणाली, "पेटका आला का वो ह्यांना?" सरांनी ऐकलं नाही. मी दाबत होतो आणि सोडत होतो. दर वेळी त्यांचा चेहरा जरासा हलायचा, कान लावून लांबचं काहीतरी ऐकणाऱ्या माणसाचा हलतो तसा.

"अहमदपूर! अहमदपूरवाले पुढं या!" कंडक्टर ओरडला. बस स्टँडात शिरली. सरांचे डोळे मिटलेलेच होते, हात पोटरीवर होता.

मी खिशातून पैसे काढले, कंडक्टरला खुणेनं जवळ बोलावलं, हळूच म्हटलं, "पुढं लातूर एक," आणि पाय पुन्हा दाबला.